शेजारच्या सीटचं वजन

“…ते सगळं राहू द्या, मावशी. पुढच्या चाकांना कोणती कॉइल घालू आणि तिच्याबरोबर कोणता शॉकअप, तेवढं सांगा.”

केराबाई साळुंखे हातातल्या कामात होत्या.

त्यांच्या मांडीवर ट्रकच्या चाकावरच्या कमानीचा एक पोलादी पाटा होता. त्यावरून त्या अंगठा फिरवत होत्या. कुठे चीर गेलीय का, ते बोटाला कळतं. डोळ्याला उशिरा.

संगमनेरच्या अलीकडे, हमरस्त्याला लागून त्यांची पत्र्याची शेड होती. वय सत्तरीला टेकलेलं. जन्म घिसाड्याच्या पालात. मोडक्या ट्रकचे पाटे तापवून त्यांचे विळे ठोकत त्या मोठ्या झाल्या. पुढे विळे सुटले, ट्रक हाती आले. आता कुठल्याही गाडीच्या कमानीचा, कॉइलचा पेच पडला की लांबलांबचे मिस्त्री त्यांच्याकडे यायचे.

बरेचसे चिडून परत जायचे.

रोहिदास भवारी आला तोच चिडून आला होता.

बाहेर त्याची पिकअप उभी होती. कंपनीतून आली होती त्यापेक्षा चार इंच उंच. पुढच्या चाकांवरचं नाक आभाळाकडे केलेलं.

“वर्षात तीन वेळा कॉइल बदलली,” तो म्हणाला. “शॉकअपच्या दोन जोड्या झाल्या. प्रत्येक मिस्त्री वेगळं सांगतो. एकालाही अक्कल नाही.”

“तुला आहे?”

“मी ऑटोमोबाईलचा डिप्लोमा केलाय. चिखलातल्या शर्यतीत दोनदा पहिला आलोय. कॉइल वजन पेलते, शॉकअप तिची उसळी आवरतो, हे मला कुणी शिकवायला नको.”

“मग अडलं कुठं?”

“खड्ड्यात चाक सुटलं की पुढून ठणकन आवाज येतो. मग गाडी अशी उसळते की…”

तो थांबला.

“की?”

“काही नाही. उसळते.”

केराबाईंनी पाटा खाली ठेवला.

“नाकावर वजन किती?”

रोहिदासनं आकडा सांगितला. तोंडपाठ होता.

“हा कुठला?”

“गाडीबरोबर पुस्तक येतं, त्यातला.”

“पुस्तकाला चाकं आहेत?”

शेडच्या दुसऱ्या टोकाला बशीर मिस्त्री एका जीपखाली आडवा पडला होता. वीस वर्षं केराबाईंकडे काम करणारा माणूस. तो जीपखालूनच हसला.

रोहिदासच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“मावशी, मी साठ किलोमीटरवरून आलोय. चेष्टा करून घ्यायला नाही.”

“पुढं कारखान्याचा वजनकाटा आहे. पुढची दोन चाकं तेवढी काट्यावर चढव. आकडा घेऊन ये.”

“आत्ता?”

“कॉइल उद्या पाहिजे का?”

तो गेला. जाताना दार इतक्या जोरात आपटलं की शेडचा पत्रा वाजला.

तासाभरानं आला. चिठ्ठी त्यांच्यासमोर धरली. एक हजार साठ किलो.

केराबाईंनी चिठ्ठीकडे पाहिलंही नाही. त्यांना वाचता येत नव्हतं.

“काट्यावर गाडीत कोण होतं?”

“मी.”

“आणखी?”

“कोणी नाही.”

“रोज कोण असतं?”

“बहीण असायची. यमुनाताई.” तो जरा थांबला. “आरोग्यसेविका आहे. राजूरच्या पुढे डोंगरात घोडदऱ्याची वाडी आहे, तिथल्या बाळांना लस टोचायला दर बुधवारी जाते. मीच न्यायचो.”

“तिला घेऊन ये. परत काट्यावर चढव.”

रोहिदासचा तोल सुटला.

“अहो, पन्नास किलोची बाई आहे ती! पन्नास किलोनं कॉइल बदलत नाही! कुणालाही विचारा!”

“तिला घेऊन ये.”

“ती येणार नाही.”

“का?”

“ती माझ्या गाडीत बसत नाही.”

बशीरनं पाना खाली ठेवला.

रोहिदास आता भराभर बोलायला लागला. कधीचं कोंडलेलं होतं ते बाहेर आलं.

“दोन महिने झाले. नऊ किलोमीटरचा चढ पायी चढते. खांद्याला लसीचा डबा अडकवून. आणि मी? मी गाडी चार इंच वर उचलली कुणासाठी? तिच्यासाठी! वाटेत ओढा आहे, दगड आहेत. साधी गाडी जात नाही म्हणून उचलली. आणि ती एक शब्द न बोलता पायी जाते. भांडली असती तरी चाललं असतं. सगळं गाव बघतं. चहाच्या टपरीवर लोक विचारतात, काय रे, एवढी मोठी गाडी आणि बहीण पायी? मला तोंड दाखवायची सोय ठेवली नाही तिनं.”

“झालं काय होतं?”

“काही नाही. एक खड्डा चुकला. थोडं लागलं तिला. डबा सांडला.”

“थोडं?”

“थोडं.”

केराबाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. बाहेर गाडीपाशी गेल्या. पुढच्या चाकाच्या आत वाकून पाहिलं. कॉइलच्या वेटोळ्यांवरून बोट फिरवलं. चारच वेटोळी मोजली आणि सरळ झाल्या.

“हिच्या खोक्यावर काय लिहिलं होतं?”

“हेवी ड्यूटी.”

“आणखी?”

“पुढे लोखंडी बंपर आणि दोर ओढायचा विंच असलेल्या गाडीसाठी.”

केराबाईंनी गाडीच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे कंपनीचा साधा प्लास्टिकचा बंपर होता.

“कुठाय लोखंड?”

“बसवणार आहे. पुढेमागे.”

“म्हणजे शंभर किलो लोखंड अजून यायचंय. आणि त्याची कॉइल आधीच येऊन बसलीय.”

“कडक असलेली बरी. मऊ कॉइलवर गाडी बसते खाली.”

केराबाईंनी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. आत शर्यतीच्या गाडीला असते तशी खोल सीट होती. तिला चार पट्टे. दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून.

मग पलीकडे वळसा घालून त्यांनी दुसरं दार उघडलं. तिथे जुनीच सीट होती. एकच पट्टा. त्यांनी तो ओढला. वीतभर आला आणि अडकला.

“हा?”

“अडकतो. करायचाय.”

“कधीपासून?”

त्यानं पट्टा परत आत ढकलला.

“बस,” केराबाई म्हणाल्या.

“कुठे?”

“इथं. तिच्या जागेवर.”

“आणि गाडी कोण…”

केराबाई परत वळसा घालून गेल्या होत्या. पायदान त्यांच्या मांडीइतकं उंच होतं. बशीर धावत आला, पण त्यांनी हातानंच त्याला लांब ठेवलं. लुगड्याचा काष्टा खोचला, दाराची चौकट धरली, एकदा घसरल्या, दुसऱ्यांदा चढल्या. चारही पट्टे लावून घेतले. लहान पोराला झबलं घालावं तसे, एकेक करून.

“चावी.”

“मावशी, ही गाडी अवघड आहे. तुम्हाला…”

“चावी.”

त्यानं दिली.

शेडच्या मागून दगडखाणीकडे जाणारा कच्चा रस्ता होता. ट्रकच्या चाकांनी खणून काढलेला. केराबाईंनी गाडी त्यावर घातली. आयुष्यभर ठोकलेली प्रत्येक गाडी त्यांनी स्वतः चालवून पाहिली होती. पण इतकी उंच कधी नाही. त्यांना समोरचं नाक दिसत होतं आणि त्याच्या वर आभाळ.

“शर्यतीत कसा चालवतोस?”

“म्हणजे?”

त्यांनी दुसऱ्या गिअरवरून तिसरा टाकला.

पहिल्या खड्ड्यात चाक सुटलं. ठण्ण. गाडीचं नाक वर गेलं, आणि त्याच्या मागोमाग रोहिदास. डोकं छपराला लागलं नाही, पण केस लागले.

“हळू!”

केराबाईंनी ऐकलं नाही.

दुसरा खड्डा. त्यानं धरायला काहीतरी शोधलं. दारावरची मूठ त्यानंच काढली होती, तिथे वायरलेसचा डबा बसवायचा म्हणून. त्यानं सीटची कड धरायला हात टाकला. कड हातात आली नाही.

“हळू, मावशी!”

तिसऱ्याला खांदा दारावर आपटला. जीभ दाताखाली आली.

“अहो, हळू! थांबवा! थांबवा म्हणतो ना!”

खाणीच्या तोंडाशी त्यांनी गाडी थांबवली. एंजिन बंद केलं. धूळ पुढे निघून गेली.

रोहिदास धापा टाकत होता. ओठाच्या कोपऱ्याला रक्त होतं.

“मी तीनदा सांगितलं तुम्हाला! तीनदा!”

“हो. मोजलं मी. तिनं किती वेळा सांगितलं होतं?”

रोहिदासनं समोरच्या काचेकडे पाहिलं. काचेवर काही नव्हतं.

“मला… आठवत नाही.”

केराबाईंनी पट्टे सोडले. एक, दोन, तीन, चार.

“ते वजन आण. मग कॉइल सांगते.”

त्या खाली उतरल्या आणि उन्हातून पायीच शेडकडे निघाल्या.

तो ओरडला, “ही काय पद्धत झाली? म्हाताऱ्या माणसाचा मान ठेवला म्हणून! दुसरं कुणी असतं तर…”

त्या मागे वळल्या नाहीत.

घरी जाताना रोहिदास सगळ्या वाटेनं बडबडत होता. बाईला काही येत नाही. नुसतं नाव. कॉइल विचारली तर बहिणीच्या गोष्टी. कोतूळ फाट्यापाशी त्यानं चहा घेतला, तो अर्धा ओतून दिला. जीभ झोंबत होती.

बुधवारी सकाळी सात वाजता तो आरोग्य उपकेंद्राच्या दारात उभा होता. गाडी घरीच ठेवून आला होता.

यमुनाताई लसीच्या डब्यात बर्फाच्या थैल्या लावत होती. एकेचाळीस वर्षांची, लहान चणीची, सावळी. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा थैल्या लावायला लागली.

“ताई, मी येतो.”

तिनं आणखी एक थैली लावली.

“पायी येतो.”

तिनं झाकण दाबून बंद केलं. डबा उचलला. क्षणभर तसाच हातात धरला. मग त्याच्या खांद्यावर अडकवला आणि चालायला लागली.

दोन किलोमीटर चालून झाली. डब्याचा पट्टा रुतायला लागला. त्यानं खांदा बदलला. ज्या वळणावर तो पिकअपचं मागचं चाक मुद्दाम घसरवायचा, तिथे वाट किती अरुंद होती ते त्यानं पहिल्यांदा पाहिलं. एका बाजूला कारवीची झुडपं, दुसऱ्या बाजूला काहीच नाही.

ओढा आला. यमुनाताईनं चपला हातात घेतल्या. पाणी घोट्याच्या जरा वर होतं.

पलीकडे जाऊन ती दगडावर बसली आणि पाय पुसायला लागली. तेव्हा त्यानं विचारलं.

“ताई, त्या दिवशी… तू मला हळू किती वेळा म्हणालीस?”

तिनं एक पाय पुसला. दुसरा पुसला.

“पहिल्या वळणावर एकदा,” ती म्हणाली. “इथं, ओढ्यात उतरताना एकदा. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा तू गाण्याचा आवाज वाढवलास. मग मी म्हणायचं सोडलं.”

ती उठली. तो डबा घेऊन तिच्या मागून चालला. वाडीपर्यंत त्यानं पुन्हा खांदा बदलला नाही.

शनिवारी दुपारी तो केराबाईंच्या शेडपाशी आला तेव्हा गाडीत एकटाच होता.

“बहीण?” केराबाईंनी विचारलं.

“येतेय. एस.टी.नं.”

“तू गाडी घेऊन, आणि ती एस.टी.नं?”

“ती म्हणाली, सांगायला येते. बसायला नाही.”

केराबाईंनी मान हलवली. बरं वाटल्यासारखी.

यमुनाताई फाट्यावर उतरून चालत आली. डोक्यावरचा पदर सारखा करत तिनं वाकून नमस्कार केला. ती सरळ झाली तेव्हा केराबाईंना तिचं कपाळ दिसलं. उजव्या भुवईच्या वर आडवी, ताजी खूण होती. टाक्यांची.

केराबाईंनी रोहिदासकडे पाहिलं.

“हे थोडं?”

त्या यमुनाताईकडे वळल्या.

“किती टाके, पोरी?”

“तीन.”

“याला माहीत आहे?”

“यानंच नेलं होतं दवाखान्यात,” यमुनाताई म्हणाली. “वाटेत दोनदा म्हणाला, शॉकअप नवे घालतो, मग असं नाही होणार.”

“बरोबरच बोलत होतो मी!” रोहिदास म्हणाला. “चूक शॉकअपची होती! मी काय मुद्दाम…”

“गप.”

हे केराबाई म्हणाल्या नाहीत. यमुनाताई म्हणाली.

ती इतकी हळू म्हणाली की बशीरला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

“गप बस, रोहिदास. मी दोन महिने गप होते, आता तू बस. टाक्यांचं मी धरून बसले नाही. टाके भरतात. त्या दिवशी डबा उघडून बर्फ सगळा सीटखाली गेला. कुप्या फुटल्या. राहिल्या त्या तापल्या. वर वाडीत अठरा बायका बसल्या होत्या. सकाळपासून. कामावर न जाता. दोन तर पलीकडच्या डोंगरावरून आल्या होत्या, पोरं पाठीला बांधून. मी रक्ताचा रुमाल कपाळाला लावून त्यांच्यापुढं उभी राहिले आणि म्हणाले, आज लस नाही, परत जा. त्यांनी एक शब्द विचारला नाही. उठल्या आणि गेल्या. पुढच्या बुधवारी अठरापैकी अकराच आल्या. बाकीच्या सात जणींना मी अजून घरोघर शोधतेय. आणि तू टपरीवर बसून काय सांगतोस? बहिणीसाठी गाडी उचलली! मला चढता येत नाही तुझ्या गाडीत. दर वेळी दोन हातांनी लोंबकळून चढते, आणि लोक बघतात. कधी विचारलंस? लोक तुला बोलतात म्हणून आज इथं आलास तू. माझ्यासाठी नाही.”

हमरस्त्यावरून एक ट्रक गेला. दुसरा गेला.

केराबाईंनी लाकडी खोकं पुढे सरकवलं.

“बस, पोरी. पाणी घे. आता मला सांग. गाडी खड्ड्यात गेली की तुला काय होतं? हा काय म्हणतो ते नको. तुला काय होतं?”

यमुनाताईनं पाणी प्यायलं. विचार केला. चिडली होती तरी सवयीनं नीट, क्रमानं सांगायला लागली; एखाद्या बाळाचा ताप सांगावा तसं.

“चाक खाली जातं तेव्हा आधी पुढून आवाज येतो. म्हणजे चाकाला अजून खाली जायचंय, पण काहीतरी त्याला धरतं. त्याच वेळी पोटात खड्डा पडतो. मग चाक वर येतं, तेव्हा काही दबतच नाही. सगळं सरळ कण्यात येतं. आणि त्यानंतर गाडी दोनदा, तीनदा उसळते. एकदा नाही.”

केराबाई बशीरकडे वळल्या.

“ऐकलंस?”

“ऐकलं.”

“आता तू ऐक,” त्या रोहिदासला म्हणाल्या. “ही कॉइल शंभर किलो लोखंडाची वाट बघतेय. ते नाही, म्हणून ती दबतच नाही. गाडी कायम ताठ, टाचा उचलून उभी. शॉकअप आधीच पुरता लांबलाय. चाकाला खाली जायला जागाच नाही, म्हणून ठण्ण. आणि शॉकअप मऊ, कॉइल दांडगी. त्याला ती आवरत नाही, म्हणून उसळी. तू नसलेलं लोखंड गाडीवर लादलंस. ते कुणी वाहिलं?”

बशीरनं फळीवरून दोन कॉइल काढून आणल्या. तार जरा बारीक. मोकळी वेटोळी.

“या,” केराबाई म्हणाल्या. “गाडी आहे त्या वजनाच्या. आणि या कॉइलच्या जोडीचा, लांब पल्ल्याचा शॉकअप. वाढवलेली उंची चारची दीड इंच होईल.”

तेवढ्यात रोहिदासमधला जुना रोहिदास उठला.

“दीड? मावशी, दीड इंचात ओढा कसा पार करणार? एंजिनात पाणी शिरेल! बोलायला काय जातंय?”

केराबाईंनी यमुनाताईला विचारलं.

“ओढ्याला पाणी किती असतं?”

“आत्ता घोट्यापर्यंत. पावसाळ्यात गुडघ्यापर्यंत.”

“त्याहून वर?”

“वर्षातून चारपाच दिवस मांडीएवढं. त्या दिवशी कुणी जात नाही. बायकाच वरून निरोप धाडतात, येऊ नका म्हणून.”

केराबाई रोहिदासकडे बघत राहिल्या.

त्यानं शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि जॅक उचलायला गेला.

“थांब,” केराबाई म्हणाल्या. “आधी तो अडकलेला पट्टा. मग दाराची मूठ. कॉइल शेवटी.”

त्यानं पट्टा गुंडाळून घेणारी चकरी उघडली. आत एक पेनाचं टोपण आणि मूठभर माती होती. पाच मिनिटांचं काम होतं. दोन वर्षं राहिलेलं. टोपण हातात धरून तो तिथेच वाकलेला राहिला, आणि त्याची पाठ थोडी हलली. यमुनाताईनं पाहिलं. ती उठली नाही.

मूठ बसवली. मग तो आणि बशीर गाडीखाली गेले. कॉइल दाबून धरायचं काम धोक्याचं असतं. निसटली तर हात जातो. बशीर एकेक पायरी सांगत होता आणि डिप्लोमावाला रोहिदास एकदाही म्हणाला नाही की मला माहीत आहे. उन्हं कलायच्या आत गाडी जमिनीवर आली. नाक खाली आलं होतं. चार चाकांवर उभी असलेली एक पिकअप, इतकंच.

रोहिदासनं हात पुसले. पुन्हा पुसले.

“ताई… खाणीपर्यंत एक फेरी?”

यमुनाताईनं केराबाईंकडे पाहिलं. त्या पाट्यावर अंगठा फिरवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

ती उठली. गाडीपाशी गेली. पायदानावर पाय ठेवला; कुणाचा हात न धरता चढली. पट्टा ओढला. आला.

फेरी लांबली. इतकी लांबली की बशीर दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आला. गाडी आली ती माणूस चालेल त्या वेगानं आली. पहिल्या खड्ड्यात चाक खाली गेलं, दबलं, वर आलं. आवाज नाही. उसळी एकच.

रोहिदास खाली उतरला. त्याचा चेहरा उजळला होता, आणि त्याबरोबर आवाजही.

“एकदाही आपटली नाही! मावशी, मानलं तुम्हाला. आता कशीही चालवा, काही होणार नाही. ताई, बसशील ना आता? बघ, कितीही जोरात…”

यमुनाताई अजून सीटवरच होती. तिचा चेहरा मिटला. ती एस.टी.च्या फाट्याकडे बघायला लागली.

केराबाईंच्या कपाळावरची शीर उठली. त्या पाटा टाकून उठल्या. तडक गाडीपाशी आल्या आणि रोहिदासच्या हातातली चावी हिसकावून घेतली. त्याची बोटं तशीच हवेत राहिली.

पलीकडे जाऊन त्यांनी ती चावी यमुनाताईच्या ओंजळीत ठेवली.

यमुनाताई गडबडली. “मावशी, अहो… मला गाडी चालवता येत नाही.”

केराबाईंनी तिची मूठ चावीवर मिटवली.

“चालवायला तो आहे. थांबवता येते ना?”